डॉक्टरांची फटफटी आणि पुंजाजी

अमरावतीच्या ज्या मुलींच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं, तिच्या मागच्या भिंतीला लागूनच एक जिनिंगचा कारखाना होता. दिवाळी झाली की कापसाच्या बैलबंड्या रस्त्याला लागत आणि होळीपर्यंत आमचे सगळे धडे त्या इंजिनाच्या तालावर चालत. तालाची सवय झाली होती. भोंग्याची मात्र होईना. सहामाही परीक्षेच्या पहिल्याच दिवशी, ऐन गणिताच्या पेपरात तो केकाटला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातून दौत उलटली. मी तशीच तरातरा जिनात गेले.

मॅनेजर जागेवर नव्हते. इंजिनघरात एक उंच, वाळकासा माणूस बांबूची काठी इंजिनाला टेकवून, तिचं दुसरं टोक दातात धरून, डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, हा वेडा आहे; काठीतून तो इंजिनाची धडधड ऐकतोय हे मला नंतर कळलं. त्यानं डोळे उघडले, काठी बाजूला ठेवली आणि माझं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं.

"किती दिस हाये परीक्षा?" त्यानं विचारलं.

"आठ."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून भोंगा असा वाजू लागला की जणू कुणी गोधडीत तोंड खुपसून ओरडतंय. त्यानं भोंग्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं होतं. कामाच्या बाया उशिरा आल्या, मॅनेजर तापले, तेव्हा त्यानं सांगितलं म्हणे, "भोंग्याले सर्दी झाली साहेब. आठ दिसात बरी होईन."

हा पुंजाजी फिटर. त्याचं आडनाव मला कधी कळलं नाही आणि कुणी विचारल्याचंही आठवत नाही.

तो मूळचा भातकुलीचा. घरचा भाजीपाल्याचा मळा. भाऊ वांगी-मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात आणत, आणि आठवड्यातून एकदा एक पुतण्या जिनाच्या फाटकाशी टोपली ठेवून जाई. पुंजाजी मात्र मळ्यात राहिला नाही. पहिल्या जर्मन लढाईत तो फौजेच्या मोटारींवर इराकात बसऱ्याला गेला होता, आणि इंजिनाची विद्या तिथे शिकला. इथं जिनाच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत तो एकटा राही. हंगाम सरला की मजूर आपापल्या गावी जात, मॅनेजर आठवड्यातून एकदा फिरकत, आणि पावसाळाभर त्या एवढ्या मोठ्या आवारात पुंजाजी आणि थंड पडलेलं इंजिन, असे दोघंच उरत. तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यातून पाही. तो इंजिनाचा एकेक तुकडा सुटा करी, पुशी, चटईवर ओळीनं मांडी, आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत जोडून ठेवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुसण्याजोगं काही उरलेलं नसे, तरी.

बोलणं कमी. पण इंजिनाच्या बाबतीत त्याचे काही ठरलेले बोल होते. गावातले लोक मोटारी घेऊन त्याच्याकडे येत आणि काय बिघडलं ते रंगवून सांगत. तो ऐके, आणि शेवटी म्हणे, "मालक सांगते ते अर्धं. तेल सांगते ते पुरं." मग इंजिनाखाली पितळी परात सरकवून तो जुनं तेल काढी. ते रॉकेलात कालवी, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळी, आणि फडक्यावर जो गाळ राही तो पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत घेऊन उन्हात बसे. एक चुंबक त्याच्या खिशात कायम असे. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. न चिकटलेल्यात पांढरं, पिवळं, तांबूस असं जे असेल त्यावरून इंजिनाच्या पोटात कुठला भाग झिजला ते तो सांगे.

धामणगावच्या एका व्यापाऱ्याची मोटार एकदा अशीच आली. इंजिन खडखडत होतं. व्यापाऱ्यानं आपल्या ड्रायव्हरला तिथंच सगळ्यांदेखत कामावरून काढलं होतं. म्हणे यानं तेल न घालता गाडी पळवली. ड्रायव्हर बिचारा फाटकाबाहेर उकिडवा बसलेला. पुंजाजीनं बशी उन्हात धरली, बोटानं गाळ चोळला, आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "हात पुढं करा." त्याच्या तळहातावर गाळ घासला. "काय लागते?"

"रेती."

"तेलाचा डबा उघडा कुठं ठेवता?"

व्यापाऱ्यानं तळहात झटकला. डबा त्याच्या घराच्या बांधकामाजवळ होता, वाळूच्या ढिगाशेजारी. पुंजाजीनं फाटकाबाहेर जाऊन ड्रायव्हरला हाक मारली, "ये रे बाप्पा, गाडी पुस. तुयं नाव निघालं नाई यात."

मला त्याचा हा स्वभाव फार आवडे. पण त्याला जवळचं असं कुणी नव्हतं. एकदा मी सहज विचारलं, "पुंजाजी, लग्न नाही केलं?" तो चुंबक पुसत होता, पुसतच राहिला.

"केलतं ना. मी बसऱ्याले असतानी तापाची साथ आली इकडं. घरोघरी माणसं गेली. पत्र टाकलं होतं म्हणते भावानं. मले नाई भेटलं. मी दीड वर्षानं आलो तं पेटीत तिच्यासाठी काचेच्या बांगड्या होत्या. घरी गेलो, भावजय दारात उभी. तिनं माह्या हातातली पेटी घेतली नाई. तवाच समजलो."

आणि चुंबक खिशात टाकत म्हणाला, "मळ्यात मंग मन लागे ना. इंजिन बरं. कामात काम हाये."

मी ज्या घरी भाड्यानं राहत होते ते घर एका डॉक्टरांचं. डॉक्टर वारले त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी राधाबाई एकट्याच होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या माझ्याशी प्रेमानं वागत, पण घराबाहेर पाऊल टाकत नसत. अकोल्याला त्यांचं माहेर. मीही अकोल्याची, म्हणून सुट्टीत जाताना दर वेळी विचारी, "चलता का?" दर वेळी त्या मान हलवत.

माझ्या खोलीशेजारी एक पडवी होती. तिच्यात डॉक्टरांची फटफटी गोणपाटाखाली झाकलेली होती. एका परत गेलेल्या गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती आणि तिच्यावर बसून ते परतवाड्यापर्यंत रोगी पाहायला जात. परतवाड्याच्या रस्त्यावरच त्यांचा अंत झाला. चालत्या फटफटीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं, ते उसळून दगडांवर पडले. त्या काळच्या फटफटीत तेल आपोआप फिरत नसे. चालवणाऱ्यानं मैल-दोन मैलांवर टाकीजवळचा लहानसा पंप हातानं दाबायचा, तेव्हा इंजिनात तेल जाई. डॉक्टर मुलखाचे विसरभोळे. पंप दाबायला विसरले, इंजिन कोरडं पडून आवळलं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि ती गोष्ट संपली.

राधाबाईंपुरती ती संपली नव्हती. एका दुपारी मला डाळ निवडायला मदत करताना त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. अकोल्याला त्यांची आई आजारी होती, आणि नेतो नेतो म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बेत मोडला होता. "मी बोलले, माझी आई तुमची पेशंट असती तर धावत गेला असता. ते चहा तसाच ठेवून गेले." राधाबाईंनी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "डोक्यात माझं ते बोलणं घोळत असणार. नाहीतर पंप विसरले नसते. घरचं काहीही विसरत, पण फटफटीचं नाही."

अकरा वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईला भेटायला त्या पुढे गेल्याच नाहीत. आई गेली तेव्हाही नाही.

पडवी उघडायला कारण मीच झाले. पावसाळ्यात माझी चूल बाहेर भिजे. राधाबाई म्हणाल्या, "पडवीत मांड तुझा स्वयंपाक. ती फटफटी कुणाच्या तरी कामाला येत असेल तर देऊन टाकू." परतवाड्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेला होता, त्याला मेळघाटातल्या गावांतून हिंडावं लागे. त्याला द्यायचं ठरलं. पण आधी ती चालते का ते पाहायला हवं. मी पुंजाजीला बोलवायला गेले.

नाव ऐकून तो जरा थांबला. "डाक्टरसायेबाची?" एवढंच म्हणाला. मग हत्यारांची पिशवी घेऊन निघाला.

भाद्रपदाचं कडक ऊन पडलं होतं. आम्ही दोघांनी फटफटी ओढून अंगणात आणली. राधाबाई आत होत्या. पुंजाजीनं खालचा बोल्ट सोडला. मला वाटलं होतं काहीच निघणार नाही. पण काकवीसारखं दाट, काळं तेल हळूहळू उतरू लागलं. उतरतच राहिलं. परातीचा तळ भरला. पुंजाजीनं परातीकडे पाहिलं आणि मग पंपाकडे.

"तेल तं लय हाये," तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्यानं वरचा सिलिंडर खोलला. आत बोट फिरवलं, आरशाच्या तुकड्यानं ऊन आत पाडून पाहिलं. एरवी तो काम करताना मला समजावून सांगे. आजही सुरुवातीला सांगितलं. इंजिन तेलावाचून आवळलं असतं तर आधी पिस्टन आणि सिलिंडर ओरबाडले असते. इथं एक ओरखडा नव्हता. "म्हंजे कोरडं नाई पडलं. खाली काईतरी झालं."

त्यानं तेल रॉकेलात कालवलं, गाळलं. फडक्यावर उन्हात काही चमकलं. हळदीच्या रंगाच्या, नखाएवढ्या पातळ चकत्या आणि बारीक कीस. त्यानं ते बशीत घेतलं, चुंबक फिरवला. चारदोन काळे कण चिकटले. पिवळं सगळं बशीतच राहिलं.

तोच गाळ त्यानं पुन्हा रॉकेलात धुतला. पुन्हा उन्हात धरला. एक चकती घेऊन ती दगडावर घासली. तिसऱ्यांदा धुवायला लागला तेव्हा मी विचारलं, "काय झालं, पुंजाजी?"

"आज नाई सांगत, मास्तरीणबाई. उद्या येतो." त्यानं एक चकती कागदात बांधून घेतली. हत्यारं तिथंच टाकून गेला. हत्यारं मागे टाकून जाताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो आला. धुतलेलं धोतर, लांब कोट, डोक्याला फेटा. असं नटलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "डाक्टरीणबाईले बोलवा."

राधाबाई बाहेर आल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या. पुंजाजीनं त्यांच्याकडे न पाहता बोलायला सुरुवात केली.

"बाई, डाक्टरसायेब पंप इसरले नोयते. पोटात भरपूर तेल हाये. त्यायनं बरोबर तेल देल्लं होतं. बुश फाटला. पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या भोकात एक गोल कडी असते, तो. त्याचे तुकडे अडकले न् चाक जाम झालं."

"बुश म्हणजे?" राधाबाईंचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तो बुश म्या केलता, बाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. मूळचा बुश झिजला होता. नवा मुंबईहून यायला दोन महिने लागणार होते, आणि डॉक्टरांना रोज जायचं असे. म्हणून पुंजाजीनं जिनाच्या लेथवर एक कातून बसवून दिला. धातू हवा होता तो नव्हता. जवळ नरम पितळेचा दांडा होता, त्याचाच केला. नवा आला की बदलू, असं ठरलं.

"मुंबईचा बुश आला. डाक्टरसायेब घेऊन आले माह्याकडं. कापसाचे दिस होते, इंजिन रात्रंदिस चालू. मी म्हनलं, हंगाम सरू द्या सायेब, मंग बसवतो. ते हासले. म्हने, तुयं इंजिन बी पेशंटच हाये, पाह्य त्याले आधी. बुश माह्यापाशी ठेवून गेले." तो थांबला. "हंगाम सराच्या आधीच ते गेले. काल तो उरलेला पितळी दांडा काढून चकतीशी ताडून पाह्यला. तोच हाये."

शेजारच्या झाडावर राघूंचा कलकलाट चालला होता.

"तेव्हा तुम्हीच लोकांना सांगितलं होतं, पंप विसरले असतील," राधाबाई म्हणाल्या.

"हो."

"इंजिन न उघडता?"

"हो बाई."

"का?"

"मले तसं वाटत होतं. का तसं वाटून घ्याचं होतं, ते आता मलेच सांगता येत नाई. उघडाचं भेव वाटे. अकरा वर्सं झाले, तुमच्या घरावरून जात नाई मी. पलीकडून जातो."

राधाबाईंनी खांबावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "जा तुम्ही."

तो गेला.

मला वाटलं, आता त्या रडतील. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, परातीजवळ बसल्या आणि मला विचारलं, "यातलं ते कुठलं?" मी बशी दाखवली. पिवळ्या कणांवर त्यांनी बोट ठेवलं. "विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बघ, विसरले नव्हते." आणि मग मात्र अशा रडल्या की मी आत जाऊन दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून ट्रंक काढली आणि अकोल्याला गेल्या. आई नव्हतीच. भावाकडे पंधरा दिवस राहिल्या. परत आल्या तेव्हा फटफटी अंगणात तशीच उघडी पडली होती, पुंजाजीची हत्यारंही तशीच. मी दोनदा जिनात जाऊन आले होते. दोन्ही वेळा तो इंजिनामागे होता आणि बाहेर आला नव्हता.

राधाबाईंनी हत्यारांकडे पाहिलं. "त्यांना म्हणावं, अर्धं काम टाकून जाऊ नये. येऊन पुरं करा."

पुंजाजी आला. मुंबईचा बुश त्यानं तेलकट कागदात गुंडाळून जपून ठेवला होता, तोच बसवला. तीन दिवस लागले. तिन्ही दिवस राधाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यानं पाय मारला, दोनदा फुसकारून फटफटी सुरू झाली, आणि त्या आवाजासरशी राधाबाई खुर्चीतून उठल्या. पुंजाजीनं तिची लय ऐकली, पंप दाबला, पुन्हा ऐकली. मग बंद केली आणि हात पुसत उभा राहिला.

"पुंजाजी," राधाबाई म्हणाल्या, "मी माफ केलं म्हणाले तर ते खोटं होईल. मला अजून तसं वाटत नाही."

"मी मागत बी नाई, बाई."

"पण तुम्ही येऊन सांगितलंत. नसतं सांगितलं तरी कुणाला कळणार नव्हतं." त्या आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. "पाणी घ्या."

तो पाणी प्यायला. भांडं स्वतः विसळून पायरीवर उपडं घातलं.

फटफटी परतवाड्याला गेली. राधाबाई वर्षातून दोनदा अकोल्याला जाऊ लागल्या. पुंजाजीनं मात्र त्यानंतर बाहेरच्या कुणाच्या गाडीला हात लावला नाही. लोक आले की सांगे, "आता डोये पहिल्यासारखे नाई राह्यले." डोळे चांगले होते. मी त्याला एकदा रागावलेसुद्धा. म्हटलं, अहो, तुमच्यासारखा माणूस हात बांधून बसला तर कसं व्हायचं? तो म्हणाला, "माह्या हाताचं मी पाहून घेतो, बाई." संध्याकाळच्या आत जुळलेलं इंजिन पुन्हा सुटं करायचं त्याचं काम पावसाळाभर चालूच असे. येणारेजाणारे थांबले तसा तो आणखीच मुका झाला.

मग माझी बदली अकोल्याला झाली. काही वर्षांनी, देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, शाळेच्या कामाला अमरावतीला गेले. जिनात विजेची मोटर बसली होती आणि पुंजाजी भातकुलीला गेला होता. दिवस हाताशी होता. मी टांगा करून भातकुलीला गेले.

मळ्यात घरच्या बाया मेथीच्या जुड्या बांधत गोल बसल्या होत्या. त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर, वेगळ्या पोत्यावर, पुंजाजी बसला होता. त्याच्याही पुढ्यात मेथी होती. पुतण्याची बायको त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "मास्तरीणबाई आल्या, बुवा! अमरावतीच्या!" जिनानं त्याचे दोन्ही कान घेतले होते. त्यानं वर पाहिलं. ओळखायला वेळ लागला. मग तो उठला, आपल्याखालचं पोतं झटकून माझ्यासाठी अंथरलं आणि स्वतः मातीत बसला.

मी बोलले. त्याला ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं, राधाबाई बऱ्या आहेत. त्यानं मान हलवली. पण काय ऐकलं ते देवाला ठाऊक. बाया आपसात हसत-बोलत होत्या, कुणाच्या तरी लग्नाचं काढलं होतं. पुंजाजी एकेक जुडी बांधे, देठ सारखे करी आणि ओळीत ठेवी. असे आम्ही तासभर बसलो असू.

निघाले तेव्हा तो बांधापर्यंत पोचवायला आला. नमस्कार केला. मी टांग्यात बसले आणि वळून पाहिलं. तो परत फिरला होता. एका हातानं धोतराचा सोगा उचलून, वाफ्यांच्या मधल्या दंडावरून, एकाही रोपाला पाय लागू नये म्हणून खाली पाहत, हळूहळू चालला होता. बापजाद्यांचा मळा होता तो. पण चालत होता परक्याच्या शेतातून चालावं तसा.